एकट्या नावाड्याचें संकटपत्र

मिति नसलेलें पत्र संशोधकास किती छळतें हें आमच्या वाचकांस सांगणें नको. महिना व चंद्र असतो, सन नसतो. मजकूर अस्सल, पण तो कोणत्या प्रसंगीं बसवावा हें उमगत नाहीं. एकट्यानें समुद्रपर्यटन करणाऱ्यांच्या रक्षणसाधनांचा इतिहास पाहतां हाच दोष तेथेंहि दीर्घकाळ नडला, असें आमच्या ध्यानांत आलें.

पहिलें साधन तरण्याचें. आपल्याकडे पोहणें शिकणारा पाठीस सुका भोपळा बांधी. इंग्लंडांत कॅप्टन वॉर्ड यानें इ. स. १८५४ त बुचाचें जाकीट तयार केलें. ता. ९ फेब्रुवारी १८६१ रोजीं व्हिट्बी येथें जीवरक्षक नौका उलटून १३ पैकीं १२ असामी बुडाले; असें जाकीट घातलेला हेन्री फ्रीमन तेवढा वांचला. परंतु हें किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत घडलें. भर समुद्रांत एकटा पडलेला मनुष्य तरला, तरी तो कोठें आहे हें कोणास कळावें?

जोशुआ स्लोकम यानें १८९५ ते १८९८ या काळांत 'स्प्रे' नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारा तो पहिलाच. पुढें तो त्याच नौकेसह नाहींसा झाला. त्याचें शेवटचें प्रयाण १९०८ चें कीं १९०९ चें, याविषयींहि चरित्रकारांत एकवाक्यता नाहीं.

ही उणीव संकटसूचक यंत्रानें भरून काढिली. सोव्हिएट रशिया, अमेरिका, कॅनडा व फ्रान्स यांनीं १९७९ त उपग्रहांची संयुक्त योजना आंखिली. पहिला उपग्रह ता. ३० जून १९८२ रोजीं सुटला, व त्याच सप्टेंबरांत कॅनडांत कोसळलेल्या विमानांतील तिघांचे प्राण वांचले. १२१.५ मेगाहर्ट्झच्या जुन्या यंत्रांची हांक ऐकूं येई, परंतु हांक मारणारा कोण हें तींत नसे, ता. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनीं ती ऐकणें बंद केलें. ४०६ मेगाहर्ट्झचें यंत्र सुमारें दर ५० सेकंदांनीं आपला स्वतंत्र अंक पाठवितें, व नोंदवहींत त्या अंकापुढें धन्याचें नांव, नौकेचें वर्णन व घरच्यांचा ठावठिकाणा असतो. म्हणजे मिति, स्थळ व शिक्का यांसह आलेलें तें पत्रच होय.

मुंबईंत बांधलेल्या 'सुहैली' नौकेच्या धर्तीवर गोव्यांत 'तुरीया' नौका तयार झाली. तिच्यांतून नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतींत उतरले. ता. २१ सप्टेंबर रोजीं दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. पर्थ तेथून सुमारें १,९०० सागरी मैल. त्यांनीं यंत्र सुरू केलें, भारतीय नौदलाच्या विमानानें नौका हेरली, ता. २४ रोजीं 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्यांस उचलून घेतलें. जागचें हालतां न येणाऱ्या मनुष्याचें ठिकाण तीन दिवस जगास ठाऊक होतें.

तथापि यंत्र असणें व तें उपयोगी पडणें यांत अंतर आहे. सुकाणू आपोआप चालत असतां धनी पाण्यांत पडला, तर नौका आपल्या यंत्रासह त्याला टाकून पुढें जाते. म्हणून नौकेशीं जखडणारा अंगचा दोर हें पहिलें रक्षण, जाकीट दुसरें, व त्या जाकिटासच अडकविलेलें लहान यंत्र तिसरें. नौकेचें यंत्र निदान ४८ तास चालतें, अंगावरचें २४ तास. आणि नोंदच न केलेलें, अथवा जुना पत्ता तसाच राहूं दिलेलें यंत्र म्हणजे पुन्हां मिति नसलेलें पत्र. आमच्या दप्तरांतील तसलें पत्र शंभर वर्षें वाट पाहूं शकतें. पाण्यांतील मनुष्यास तेवढी सवड नसते.