टेनिसचं बिल कोण भरतं?

साल 1972, जूनचा शेवटचा आठवडा. तुम्ही शॉमबर्गमध्ये गोल्फ रोडच्या कडेला उभे आहात. शिकागोच्या वायव्येच्या या गावाची रीतसर स्थापना होऊन जेमतेम 16 वर्षं झालीत. 1956 साली इथली वस्ती होती 130 माणसांची, बरेचसे जर्मन शेतकऱ्यांचे वंशज. आता समोर वुडफील्ड मॉल आहे आणि तो उघडूनही अजून वर्ष व्हायचंय. मॉलच्या पार्किंगपलीकडे शेतं अजून दिसतात. शॉमबर्ग हायस्कूल दोन वर्षांपूर्वीच सुरू झालंय.

बाकावर कुणी टाकून गेलेला पेपर तुम्ही उचलता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 23 जूनला शिक्षणविषयक कायद्यावर सही केल्याची बातमी आहे. बातमीचा सगळा भर काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बसनं दुसऱ्या भागातल्या शाळांत नेण्यावरून पेटलेल्या वादावर. ‘टायटल नाईन’ नावाचं एक कलम या कायद्यात आहे, पण त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. मूळ इंग्रजीत 37 शब्दांचं हे कलम म्हणतं की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री किंवा पुरुष म्हणून कुणालाही वगळता येणार नाही. त्यात खेळाचा उल्लेखही नाही. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलच्या संघांतून खेळणाऱ्या मुली होत्या 2 लाख 94 हजार. मुलगे 36 लाखांच्या वर.

पेपर घडी करून ठेवा. या 37 शब्दांचं मोल कळायला आधी मागं जायला हवं.

साल 1934, विम्बल्डन. कोर्टावर लीला राव ही मुंबईची मुलगी आहे. पहिला सेट ती 4-6 असा हरते. दुसरा लांबतो, लांबतच जातो, आणि 10-8 असा तिच्या पदरात पडतो. तिसरा 6-2. इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल हरलीय आणि विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री तुम्ही पाहताय. तिची आई क्षमाबाई राव स्वतः टेनिसपटू आणि संस्कृत लेखिका. तुकारामांच्या गाथेच्या संपादनाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते शंकर पांडुरंग पंडित तिचे आजोबा. वडील डॉक्टर. गुण लीलाचे, यात वाद नाही; पण विलायतेला जाऊन टेनिस खेळायचं तर त्या काळी घराणं असं भक्कम लागायचं. खेळाचं बिल घर भरत होतं.

आता पुढं, लॉस एंजेलिसला. साल 1961 संपत आलंय. बिली जीन मॉफिट, म्हणजे पुढची बिली जीन किंग, वयाच्या सतराव्या वर्षी विम्बल्डनचं दुहेरीचं अजिंक्यपद घेऊन आलीय आणि तिथल्या सरकारी कॉलेजात शिकतेय. स्कॉलरशिप नाही. शिकता शिकता ती दोन नोकऱ्या करते. त्याच शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठात लवकरच आर्थर अ‍ॅश हा मुलगा स्कॉलरशिपवर टेनिस खेळायला लागेल. विम्बल्डन जिंकलेल्या मुलीला मात्र फी स्वतः भरायची आहे.

साल 1973, जानेवारी, फ्लोरिडा. ही तारीख टेनिसच्या पुस्तकांतही क्वचित सापडते, म्हणून इथं जरा थांबा. बोका रेटॉनच्या मेरीमाउंट कॉलेजातल्या काही मुलींना टेनिससाठी स्कॉलरशिप मिळालीय. मुलींच्या कॉलेज खेळांचा कारभार तेव्हा एआयएडब्ल्यू या संघटनेकडे होता आणि तिचा नियम असा, की खेळासाठी स्कॉलरशिप घेणारी मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकत नाही. गंमत म्हणजे हा नियम पुरुषांनी केलेला नव्हता. मुलांच्या खेळांत पैशानं घातलेला गोंधळ पाहून शिक्षिकांनीच तो घातला होता. हेतू चांगला, पण फटका बसला तो पैशाची गरज असलेल्या मुलींना. मेरीमाउंटच्या क्रीडाप्रमुख फर्न ‘पीची’ केलमेयर यांनी आपल्या खेळाडूंना सोबत घेऊन फेडरल कोर्टात दावा ठोकला. निकालापर्यंत जाण्याची वेळच आली नाही. वकिलांचा सल्ला घेतल्यावर संघटनेनं काही महिन्यांतच नियम मागं घेतला. केलमेयर त्याच वर्षी महिलांच्या व्यावसायिक टेनिसच्या कारभारात गेल्या आणि पुढं कित्येक दशकं तिथंच राहिल्या.

अमेरिकेत कुठल्याही खेळातल्या मुलीला आज कॉलेजची स्कॉलरशिप मिळते, तिचं दार टेनिस खेळणाऱ्या मुलींनी कोर्टात जाऊन उघडलं आहे. 1982 साली सॉल्ट लेक सिटीत एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची मुलींच्या टेनिसची पहिली स्पर्धा झाली, स्टॅनफर्ड जिंकलं, आणि जुनी एआयएडब्ल्यू लवकरच बंद पडली. पुढं नियमच असा झाला की अव्वल श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या कॉलेजला मुलींच्या टेनिस संघासाठी 8 पूर्ण स्कॉलरशिप देता येत आणि मुलांच्या संघासाठी साडेचार. मुलांच्या फुटबॉल संघावर होणाऱ्या खर्चाचा तोल खेळांनाही लागू झालेल्या टायटल नाईननुसार कुठंतरी साधायचा होता. तो मुलींच्या टेनिसच्या पारड्यात पडला.

या आठ जागांची वार्ता जगभर गेली आणि ती श्रीरामपूरच्या मुलीपर्यंतही पोचली.

ऋतुजा भोसले. जन्म 27 मार्च 1996, गाव श्रीरामपूर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. ऊस आणि साखर कारखान्यांचा मुलूख. वडील पोलीस खात्यात. ज्युनियर जागतिक क्रमवारीत ती 55 पर्यंत चढली, 2012 साली फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या भारतीय संघात आली. म्हणजे शाळकरी वयात देशाकडून खेळून झालं होतं. अशा मुलीपुढं अठराव्या वर्षी दोन वाटा असतात. एक, लगेच व्यावसायिक सर्किट. दुसरी, कॉलेज.

पहिल्या वाटेचा हिशेब करून पाहा. आजच्या दरानं धरू: सर्वांत खालच्या पायरीची, 15 हजार डॉलर बक्षिसांची स्पर्धा आहे. ऐकायला रक्कम मोठी वाटते, पण ती सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. एकेरीच्या विजेतीला मिळतात दोन हजारांच्या थोडे वर डॉलर. पहिल्या फेरीत हरली तर दीडशेच्या आसपास. विमान, हॉटेल, कोच, रॅकेटचं गटिंग हे सगळं जिचं तिनं बघायचं. पोलीस खात्यातल्या पगारावर हे वर्षानुवर्षं कसं जमणार?

ऋतुजानं दुसरी वाट घेतली. टेक्सस ए अँड एम विद्यापीठ. 2013 च्या मे महिन्यात याच विद्यापीठाच्या मुली एनसीएएच्या अंतिम सामन्यात स्टॅनफर्डकडून 4-3 अशा हरल्या होत्या. तो सामना झाला इलिनॉय विद्यापीठात, अर्बानाला; शॉमबर्गहून गाडीनं अडीच-तीन तासांवर.

चला तर टेक्ससला. साल 2016, वसंतातली दुपार, गाव कॉलेज स्टेशन. इथं कुणीही भेटलं की ‘हाउडी’ म्हणतं. तुम्ही मिचेल टेनिस सेंटरच्या बाकांवर बसता आणि पहिली गोष्ट जाणवते ती गोंगाट. विम्बल्डनला सर्व्हिसच्या वेळी कुणी शिंकलं तरी माना वळतात. इथं शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी सामने चाललेत, मरून रंगाच्या कपड्यांतल्या मुली गुण मिळाला की बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि तिसऱ्या कोर्टावरची आरोळी सहाव्या कोर्टावरच्या मुलीला बळ देते.

खेळाची रीतही निराळी. आधी दुहेरीच्या तीन लढती, प्रत्येकी एकच सेट. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग एकेरीच्या सहा लढती, प्रत्येकीला एक गुण. एकूण सात, आधी चार मिळवेल तो संघ जिंकला. ड्यूस झालं की पुढचा एकच पॉइंट गेमचा निकाल लावतो, अ‍ॅडव्हान्टेज नाहीच. आणि चौथा गुण पडला की बऱ्याचदा उरलेले सामने आहेत तिथं थांबवतात. एखादी मुलगी तिसऱ्या सेटमध्ये मॅच पॉइंटवर असते, तेवढ्यात पलीकडच्या कोर्टावर सहखेळाडू जिंकते, सगळ्या तिकडं धावतात आणि हिच्या नावापुढं ‘अपूर्ण’ एवढंच लागतं. तीही रॅकेट टाकून धावते. लहानपणापासून एकटीच्या गुणांचा हिशेब ठेवत आलेल्या खेळाडूला ही सवय अंगवळणी पाडावी लागते.

बाकी दिवस घड्याळाला बांधलेला. नियमानं संघाचा सराव आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त नाही, एक दिवस सक्तीची सुट्टी. पण अभ्यासक्रम पूर्ण वेळचाच हवा, नाहीतर व्हिसा जातो. गुण घसरले तर संघातून बाहेर. परगावी सामना असेल तर बसमध्ये असाइनमेंट लिहायची. कोच, फिजिओ, जिम, रॅकेट, प्रवास, फी, राहणं-खाणं हे सगळं विद्यापीठाकडून. बिल कॉलेज भरतं.

ते फुकट मात्र नसतं. इतर मुली अठरा ते एकविसाव्या वर्षी जागतिक क्रमवारीचे गुण साठवत असताना कॉलेजची खेळाडू संघासाठी खेळते. व्यावसायिक स्पर्धांना सुट्टीत जायचं, आणि ऋतुजाच्या वेळच्या नियमानं बक्षिसातून खर्चाच्या पलीकडची रक्कम सोडून द्यायची. 2017 साली ऋतुजा पदवी घेऊन परतली तेव्हा बरोबरीच्या मुली पुढं निघून गेल्या होत्या. क्रमवारीची चढण जवळपास तळापासून चढायची होती. भारतात त्या काळी अशा मुलीबद्दल सरसकट म्हटलं जाई, अमेरिकेला गेली म्हणजे टेनिस संपलं.

संपलं का, ते बघायला पुढं चला. 2020, दुबई. फेड कपमध्ये भारतानं पहिल्यांदाच जागतिक प्ले-ऑफपर्यंत मजल मारली. सानिया मिर्झा, अंकिता रैना यांच्याबरोबर त्या संघात ऋतुजा आहे.

आणि 30 सप्टेंबर 2023, चीनमधलं हांगझाऊ. आशियाई खेळांतला मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. जोडीदार 43 वर्षांचा रोहन बोपण्णा, समोर चायनीज तैपेईची जोडी. पहिला सेट 2-6 गेला. त्यात ऋतुजाची सर्व्हिस डळमळली होती, अशा वेळी मोठ्या नावाच्या जोडीदारापुढं खेळाडू आणखी आक्रसते. ती आक्रसली नाही. दुसरा सेट 6-3. निकाल दहा गुणांच्या टायब्रेकवर आला आणि तो भारतानं 10-4 असा घेतला. सुवर्णपदक. एकेका पॉइंटवर सगळं अवलंबून असताना, शेजारी उभ्या माणसासाठी खेळण्याची शाळा तिनं कॉलेज स्टेशनला केली होती. या पदकाचं सगळं श्रेय मी त्या शाळेला देणार नाही, पण कॉलेजनं टेनिस संपवलं हे म्हणणं तेवढं निकालात निघालं.

ती एकटीही राहिलेली नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीत बिली जीन किंग कपचे, म्हणजे पूर्वीच्या फेड कपचे, सामने झाले, त्यात भारताकडून खेळलेली सहजा यमलापल्ली टेक्ससच्याच सॅम ह्यूस्टन स्टेट विद्यापीठातून आलेली. मे 2024 मध्ये ऋतुजाचं ए अँड एम पहिल्यांदा एनसीएए विजेतं ठरलं, जॉर्जियाला 4-1 असं हरवून.

आता शेवटचा मुक्काम, तुमचा स्वतःचा काळ. आज शॉमबर्गच्या आसपास कितीतरी मराठी घरं आहेत आणि हिवाळ्यात बंदिस्त कोर्टावर मुलींना सोडायला जाणारे आईबाप त्यात आहेत. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, डिव्हिजन वनच्या टेनिस संघांत निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी असतात. म्हणजे शॉमबर्गच्या मुलीची स्पर्धा शेजारच्या शाळेतल्या मुलीशी नाही, पुण्या-सोलापूरकडच्या आणि प्रागच्या मुलीशी आहे. दुसरी, एनसीएएविरुद्धच्या खटल्यातल्या 2025 च्या कोर्ट समझोत्यानंतर नियम बदललेत. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना आठ स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही, त्याऐवजी संघातच 10 खेळाडूंची कमाल मर्यादा आलीय. दहापैकी किती जणींना पैसे द्यायचे हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं.

म्हणून मुलगी इथली असो की श्रीरामपूरची, कोचचा फोन आला की हुरळून जाऊ नका. चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. स्कॉलरशिप किती वर्षांची? दुखापत झाली तर ती चालू राहणार का? सुट्टीतल्या व्यावसायिक स्पर्धांचा खर्च कोण करणार? आणि हिला हवी ती पदवी संघाच्या वेळापत्रकात बसते का? हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. पैसे घेऊन खेळण्याचा हक्क मुलींनी कोर्टात जाऊन मिळवलाय, त्याचा हिशेब मागणं ही मागच्यांची मेहनत वसूल करणंच आहे.