मेंदूतील गाठीवरील किरणोपचारानंतरची देखरेख

मेंदूतील गाठीसाठी किरणोपचार घेतलेल्या प्रौढ रुग्णाची ठरावीक अंतराने होणारी तपासणी व उपचार. शेक, म्हणजे किरणोपचार, संपला की आजारपण संपले अशी घरच्यांची समजूत असते. पण किरणांचे काही परिणाम महिन्यांनी आणि काही दशकांनी दिसतात, म्हणून ही देखरेख बहुधा आयुष्यभराची असते.

ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक गाठीसाठी सहसा ६० ग्रे मात्रा ३० भागांत, सहा आठवड्यांत दिली जाते. २००५ पासून टेमोझोलोमाइड हे औषध तिच्या जोडीला असते. सावकाश वाढणाऱ्या गाठींना ५० ते ५४ ग्रे पुरते. उपचारानंतर साधारण महिन्याभराने पहिला एमआरआय काढतात. पुढे आक्रमक गाठीत दर दोन-तीन महिन्यांनी आणि सौम्य गाठीत सहा महिन्यांनी, मग वर्षाने तो काढला जातो.

सर्वांत मोठा घोळ या पहिल्या काही चित्रांतच होतो. किरण आणि औषध यांच्या एकत्र माऱ्याने सुजलेला भाग एमआरआयवर वाढलेल्या गाठीसारखा दिसतो आणि पुढे आपोआप ओसरतो. ही आभासी वाढ प्रामुख्याने पहिल्या तीन महिन्यांत दिसते. म्हणूनच उपचाराला मिळालेला प्रतिसाद मोजण्याच्या २०१० च्या ‘रानो’ निकषांनुसार पहिल्या १२ आठवड्यांत, किरणक्षेत्राबाहेर नवी गाठ दिसल्याशिवाय किंवा तुकडा तपासल्याशिवाय, आजार बळावल्याचा निष्कर्ष काढत नाहीत. रुग्ण बरा चालत-बोलत असेल, तर उपचार न बदलता काही आठवड्यांनी पुन्हा चित्र काढणे श्रेयस्कर. हाती पडलेला अहवाल डॉक्टरांना भेटण्याआधी घरी वाचून काढणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

किरणांमुळे पेशीसमूह मरणे हा याहून उशिराचा प्रकार असून तो महिन्यांनी, कधी वर्षांनी उद्भवतो. रक्तप्रवाह दाखवणारा एमआरआय, स्पेक्ट्रोस्कोपी व पेट स्कॅन यांनी तो गाठीपासून वेगळा ओळखण्याचा प्रयत्न होतो. तरीही शंका उरली तर शस्त्रक्रियाच उत्तर देते. डेक्सामेथासोन आणि बेव्हॅसिझुमॅब ही या पेशीनाशावरची औषधे. डेक्सामेथासोन सूज उतरवते, पण रक्तातील साखर वाढवते आणि मांड्यांची ताकद घालवते. जमिनीवरून हात टेकल्याशिवाय उठता येईनासे झाले की त्याचा संशय घ्यावा. ते बरेच दिवस चालले असेल, तर अचानक बंद करणे धोक्याचे असते. मात्रा हळूहळूच उतरवावी लागते.

पियुषिका ग्रंथी किरणक्षेत्रात किंवा त्याच्या लगत असेल, तर तिची संप्रेरके काही वर्षांत कमी होऊ लागतात. वाढीचे संप्रेरक सहसा आधी घटते. पुढे जननग्रंथी, थायरॉइड आणि अधिवृक्क यांना उत्तेजन देणारी संप्रेरके घटू शकतात. थकवा, पाळी चुकणे, कामेच्छा कमी होणे, थंडी सहन न होणे या तक्रारी ‘आजाराने अशक्तपणा आला’ म्हणून सोडून दिल्या जातात, आणि सहज भरून काढता येणारी उणीव वर्षानुवर्षे तशीच राहते. केवळ टीएसएच (थायरॉइडला उत्तेजन देणारे संप्रेरक) पाहून समाधान मानणे येथे चुकीचे, कारण दोष पियुषिकेत असला की तो आकडा नेहमीच्या मर्यादेतही असू शकतो. फ्री टी-४ आणि सकाळचे कॉर्टिसॉल पाहावे लागते. कॉर्टिसॉल कमी असेल तर ते आधी द्यायचे आणि थायरॉक्सिन नंतर. उलट क्रमाने प्राणावर बेतू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात ३ ते २५ वर्षे वयाच्या रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अचूक लक्ष्य साधणाऱ्या किरणोपचारानंतर पाच वर्षांत ३१ टक्क्यांना, तर पारंपरिक पद्धतीनंतर ५१ टक्क्यांना संप्रेरकांचा नवा बिघाड झाला. नव्या तंत्राने धोका घटला, संपला नाही.

स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग मंदावणे हे रुग्णाच्या आधी जोडीदाराच्या लक्षात येते. हिशोब चुकतो, एका वेळी दोन कामे जमत नाहीत, चिडचिड वाढते. म्हणून तपासणीला घरचे माणूस सोबत हवे. चिडचिड लेव्हेटिरासिटॅम या फिट्सच्या गोळीनेही होते, तेव्हा औषधांची यादी आधी पाहावी. नैराश्य आले असेल, तर त्यावर वेगळा उपचार करावा लागतो.

डोक्यातील रक्तवाहिन्यांवरही परिणाम होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांकडे लक्ष द्यावे लागते. किरणक्षेत्राप्रमाणे दृष्टी व श्रवण तपासतात. फार उशिरा, क्वचित, नवी गाठ होते; इस्रायलमध्ये लहानपणी डोक्याच्या गजकर्णासाठी अगदी कमी किरणमात्रा मिळालेल्यांमध्ये मेनिंजिओमा या मेंदूच्या आवरणाच्या गाठीचे प्रमाण वाढल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

वाहन चालवण्याचा निर्णय मुख्यतः फिट्सवर ठरतो. भारतात परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वघोषणेत अपस्मार आणि अचानक शुद्ध हरपणे यांविषयी थेट प्रश्न असतो.

मोठ्या शहरात शेक घेऊन गावी परतलेल्या रुग्णाने एकूण मात्रा, भागांची संख्या, तारखा आणि किरणक्षेत्र लिहिलेला उपचार-सारांश, तसेच प्रत्येक एमआरआयची सीडी जपून ठेवावी. जुनी चित्रे समोर नसताना केवळ अहवालाच्या कागदावरून नव्या चित्रातील फरक सांगणे क्ष-किरणतज्ज्ञाला कठीण जाते.