स्टाव्हांगरची बाहुली

श्वास थांबलेल्या माणसाला पुन्हा श्वास कसा द्यावा, हे शिकवायचे तर सरावाला शरीर हवे. जिवंत माणसावर सराव करणे धोक्याचे, आणि मृतदेह काही शाळेच्या वर्गात आणून ठेवता येत नाही. १९५० च्या दशकाअखेर वैद्यकशास्त्र या पेचात सापडले होते. त्यातून वाट काढली ती नॉर्वेतल्या एका खेळणीवाल्याने.

तोवर बुडालेल्याला पालथे निजवायचे, पाठ दाबायची आणि हात उचलायचे, हीच कृत्रिम श्वसनाची रूढ रीत होती. व्हिएन्नात जन्मलेले भूलतज्ज्ञ पीटर साफार यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे तिची कसोटी घेतली. जागा माणूस स्वतःच श्वास घेतो, मग परीक्षा कसली व्हायची? म्हणून स्वयंसेवकांना गुंगी देण्यात आली आणि औषधाने त्यांचे स्नायू लुळे करून श्वास थांबवण्यात आला. मग वैद्यकाचा गंधही नसलेल्या माणसांना त्यांच्या तोंडात फुंकर घालायला सांगितले. आजची कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला सहजासहजी संमती देणार नाही. निष्कर्ष मात्र निःसंदिग्ध होता. मान मागे कलवली नाही, तर शिथिल झालेली जीभ घसा बुजवते. मग पाठ कितीही दाबा, पुरेशी हवा आत जात नाही. तोंडावाटे दिलेला श्वास मात्र छाती फुलवतो.

शास्त्र सिद्ध झाले, पण शिकवायचे कसे? प्रत्येक गावात माणसे लुळी करून ठेवणे शक्य नव्हते.

नॉर्वेतील स्टाव्हांगर शहरात ओस्मुंड लॅर्डाल यांचा कारखाना होता. १९४० मध्ये शुभेच्छापत्रे आणि बालपुस्तके छापण्यापासून आरंभ करून ते लाकडी खेळण्यांकडे आणि पुढे मऊ प्लास्टिकच्या बाहुल्यांकडे वळले होते. त्याच प्लास्टिकच्या खोट्या जखमा ते नागरी संरक्षण दलाला सरावासाठी करून देत. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. बापानेच त्याला बाहेर काढले होते. त्यामुळे ब्यॉर्न लिंड या नॉर्वेजियन भूलतज्ज्ञांकडून माणसाएवढ्या बाहुलीची कल्पना आली, तेव्हा लॅर्डाल यांना तिचे महत्त्व पटवून द्यावे लागले नाही.

१९६० मध्ये ‘रिसुसी ॲन’ तयार झाली. मान मागे कलवल्याखेरीज तिच्या छातीत हवा शिरत नसे. साफार यांचा सारा सिद्धान्त त्या एका सांध्यात सामावला होता. त्याच वर्षी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. साफार यांच्या सूचनेवरून बाहुलीच्या छातीत स्प्रिंग बसली.

चेहऱ्याचा प्रश्न उरला. पुरुषाच्या ओठांना ओठ लावायला लोक कचरतील, असे वाटून लॅर्डाल यांनी स्त्रीचा चेहरा घ्यायचे ठरवले. एका नातलगाच्या घरी त्यांनी एक मुखवटा पाहिला होता. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनामिक मुलीचा तो मृत्युमुखवटा, अशी आख्यायिका आहे. युरोपातल्या कितीतरी दिवाणखान्यांत तो टांगलेला असे. आख्यायिका खरी मानणे कठीण आहे: पाण्यातून काढलेल्या प्रेताचा चेहरा इतका नितळ, इतका प्रसन्न राहत नाही, बहुधा कुणा जिवंत मुलीचाच तो साचा असावा. जिचे नावही कुणाला ठाऊक नाही, तिच्या ओठांवर पुढे अगणित लोक श्वास द्यायला शिकले.

ॲन प्रथमोपचाराची. रुग्णालयातल्या चमूला याहून अधिक बोलका रुग्ण हवा होता. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये अब्राहमसन आणि डेन्सन यांनी ‘सिम वन’ घडवला. संगणकाच्या आज्ञेने तो पापण्या मिटे, त्याच्या बाहुल्या विस्फारत, नाडी चाले आणि औषधानुसार प्रकृती बदले. तो एकच घडला. एवढ्या महागड्या यंत्राला त्या काळी कोण विचारणार!

१९८० च्या दशकात स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी तो धागा उचलला, पण भर दिला दुसऱ्याच गोष्टीवर. विमान अपघातांच्या तपासातून वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक धडा आला होता: कौशल्य असूनही चालकदल परस्परांशी न बोलल्याने विमाने कोसळतात. गाबा यांनी तो शस्त्रक्रियागृहात आणला. यंत्ररुग्णाचे हृदय थांबे, डॉक्टर आणि परिचारिका धावपळ करत, आणि ते सारे चित्रित होई. मग चमू ते चित्रण एकत्र बसून पाही: सूचना नेमकी कुणाला उद्देशून होती, ती कुणी ऐकली, आणि सूत्रे कुणाच्या हाती होती.