धाव, पाइप आणि स्केटचा बूट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जळगावच्या घरात एक अघटित घडलं. चक्क बूट ओव्हनमध्ये गेला!

त्याचं असं झालं. भाचा स्केटिंग करता करता इनलाइन हॉकीच्या नादाला लागला. अमेरिकेतल्या मामेभावाने आपल्या मुलाचे जुने स्केट पाठवून दिले. महागाचे, मजबूत, पण दुसऱ्याच्या पायाला सरावलेले. आठवडाभरात भाच्याच्या घोट्याची सालपटं निघाली. "मामा, हे बूट घरी तापवून पायाच्या आकाराचे करता येतात," तो म्हणाला. आईने ऐकलं मात्र! "ज्यात केक करता त्यात पायताण? मी असेपर्यंत तरी नाही."

त्या दिवशी शिरपूरहून आबाकाका आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे भो? हे तर पाइपाचं काम."

त्या एका वाक्याने माझं डोकं चालू झालं.

स्केटचा इतिहास तसा आपल्यापासून लांबचा. 1760 च्या दशकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर पायाला चाकं लावून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि भल्यामोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी गोष्ट सांगतात. चाकं होती, पण वळायची आणि थांबायची सोय नव्हती. ती सोय 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने केली, दोन पुढे दोन मागे अशी चार चाकं लावून. एका रांगेतली चाकं मागे पडली. ती पुन्हा वर आली 1980 च्या सुमारास. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या भावांना बर्फ नसतानाही हॉकीचा सराव करायचा होता. त्यांनी हॉकीच्या बुटाखालीच चाकांची रांग बसवली. पुढे बुटात चामड्याच्या जोडीला प्लास्टिक आणि फोम आले, आणि बूट तापवून पायावर बसवण्याची सोय झाली.

पण तापवून बसवणं ही कल्पना? ती आपल्याला परकी मुळीच नाही.

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आठवा. लोहार धाव मुद्दामच चाकापेक्षा जराशी लहान करायचा. गोवऱ्या रचून ती लालभडक तापवायची, म्हणजे फुगते. मग चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, वाफ, आणि धाव आकसून सगळं चाक आवळून धरते. ना खिळा, ना स्क्रू. आबाकाकांनी लहानपणी हे कितीदा तरी पाहिलंय.

मग पीव्हीसीचे पाइप आले. 1980 च्या सुमारास जैन उद्योगसमूहाने जळगावात हे पाइप बनवायला सुरुवात केली आणि केळीच्या बागांमधून ते दिसू लागले. जोडणीचं सामान हाताशी नसलं की शेतकरी काय करायचा? पाइपाचं टोक जाळावर फिरवत धरायचं, मऊ झालं की तेल लावलेला दुसरा पाइप त्यात सारायचा आणि वर पाणी. पीव्हीसी साधारण 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. जास्त धरलं की काळं पडतं, घाण धूर येतो, पाइप वाया. हा अंदाज कुठल्या पुस्तकात नसतो, तो हातात असतो.

याच गुणाचा सगळ्यात मोठा उपयोग जयपूरला झाला. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट तयार केला. पुढे त्या पायाचा वरचा भाग पाण्याच्या पाइपासारख्याच एचडीपीई पाइपाचा होऊ लागला. रुग्णाच्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, पाइप भट्टीत तापवायचा आणि साच्यावर चढवायचा. थंड झाला की तो त्या एकाच माणसाचा!

एवढं सांगितल्यावर आई जरा विरघळली. ओव्हन नंतर घासून देण्याच्या बोलीवर परवानगी मिळाली.

हा बूट तापवण्यासारखा आहे ना, हे कंपनीच्या माहितीत आधी पाहिलं, कारण सगळेच नसतात. चाकं काढली. ओव्हन 80 अंशांवर तापवून बंद केला आणि मग एक बूट आत, कांबींना लागणार नाही असा. पाचेक मिनिटांनी बाहेर. भाच्याने खुर्चीत बसून पाय घातला, टाच मागे दाबून धरली. नाड्या वर न ओढता बाजूला ओढल्या, नाहीतर मऊ बुटातून भोकांच्या कड्या निघून येतात. मग पंधरा मिनिटं हलायचं नाही, उभं तर मुळीच राहायचं नाही. आबाकाका शेजारी बसून त्याला धावेच्या गोष्टी सांगत होते. दुसऱ्या दिवसापर्यंत बूट तसेच ठेवले.

घोटा छान बसला. सालपटं थांबली. आम्ही खूश.

पण दोन आठवड्यांनी आईच्या लक्षात आलं, की पोराच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. बूट मुळातच आखूड होते. इतके महागाचे पाठवलेले, नाही कसं म्हणायचं, म्हणून तो गप्प बसला होता. आणि आम्ही सगळे घोटाच बघत होतो.

आबाकाकांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लोहार धाव तापवायच्या आधी चाक मोजायचा. उष्णता बोटभर देते, वीतभर नाही."

ते स्केट आता रिंकवरच्या एका लहान मुलीकडे आहेत. या वेळी आधी अंगठा दाबून पाहिला, मगच ओव्हन लावला. भाच्याने नवे घेतले, स्वतःच्या मापाचे. दुकानात त्याला तीनदा विचारलं, "खरं सांग, कुठे लागतंय का?"

असो. ओव्हन मीच घासला. आई अजूनही केक खायच्या आधी वास घेऊन बघते.