समूह विलंब

फिल्टरमधून जाताना संकेताच्या आवरणाला, म्हणजे त्याच्या आयामातील चढउतारांना, जो उशीर होतो त्यास समूह विलंब असे म्हणतात. गणिती भाषेत, फिल्टरमुळे कलेत होणाऱ्या बदलाचा कोनीय वारंवारतेच्या सापेक्ष ऋण अवकलज म्हणजे समूह विलंब होय. हौशी रेडिओवरील अंकीय संदेशांच्या अचूकतेशी या गुणधर्माचा निकटचा संबंध आहे.

परिणाम

संकेतातील सर्व वारंवारतांना सारखाच विलंब झाल्यास संदेश केवळ उशिरा पोहोचतो. त्याचा आकार बिघडत नाही. विलंब असमान असल्यास मात्र एका चिन्हाचा अंश पुढील चिन्हावर पसरतो. यास आंतरचिन्ह व्यतिकरण म्हणतात. अशा वेळी संकेत बलवान असूनही तो वाचताना चुका होतात आणि प्रेषणशक्ती वाढवूनही त्या टळत नाहीत. मानवी कान कलेतील फरकांबाबत फारसा संवेदनशील नसल्याने त्याच फिल्टरमधून आलेले संभाषण मात्र स्वच्छ ऐकू येते. अरुंद पट्ट्याच्या व तीव्र उताराच्या क्रिस्टल फिल्टरमध्ये पट्ट्याच्या कडांजवळ समूह विलंब झपाट्याने वाढतो.

चिन्हकालाशी संबंध

विलंबातील फरक किती घातक ठरेल, हे एका चिन्हाच्या कालावधीवर अवलंबून असते. एफटी८ पद्धतीत हा कालावधी १६० मिलिसेकंद, तर पीएसके३१ मध्ये ३२ मिलिसेकंद असतो. त्यामुळे एक-दोन मिलिसेकंदांचा फरक तेथे सहसा खपून जातो. ३०० बॉड पॅकेट रेडिओत चिन्हकाल सुमारे ३.३ मिलिसेकंद असल्याने तेवढाच फरक त्रासदायक ठरतो. ९६०० बॉडला तो अवघा १०४ मायक्रोसेकंद असतो. म्हणून या वेगासाठी मायक्रोफोन व स्पीकरचे ध्वनिटप्पे टाळून संकेत थेट मॉड्युलेटरला देतात आणि ग्रहण करताना थेट डिस्क्रिमिनेटरपासून घेतात.

उपाय

बेसल फिल्टरचा समूह विलंब पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. मात्र त्याचा उतार मंद असल्याने शेजारचे संकेत कमी रोखले जातात. चेबिशेव्ह फिल्टरचे गुणदोष याच्या उलट असतात. सर्वपारक जाल जोडूनही विलंबातील असमानता कमी करता येते. सममित गुणकांचा एफआयआर अंकीय फिल्टर सर्व वारंवारतांना समान विलंब देतो. उदाहरणार्थ, सेकंदाला १२,००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत २४१ गुणकांच्या अशा फिल्टरचा विलंब १२० नमुन्यांचा, म्हणजे १० मिलिसेकंद असतो. तत्काळ पोच अपेक्षित असलेल्या पद्धतींत हा एकूण विलंबही हिशेबात घ्यावा लागतो. व्यवहारात ग्राहकयंत्रातील रुंद फिल्टर निवडून संकेत त्याच्या मध्यभागी ठेवणे व पुढील गाळणी संगणकावर करणे, हा सोपा मार्ग आहे.