तळ्याचा दावा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. कारण झाले ते नातीचे. सुट्टीत आमच्याकडे सुकापूरला आली होती. इतिहासाचे पुस्तक पुढ्यात, बोट महाडच्या सत्याग्रहावर. "आजोबा, तळ्याचं पाणी प्यायले, लोकांनी मारलं. मग पुढे काय झालं?"

मी सवयीने म्हणालो, "मग समतेचा लढा सुरू झाला." आणि गप्प बसलो. तीस वर्षे वर्गात मी हेच वाक्य सांगून पुढच्या धड्याकडे वळत होतो!

पुढे काय झाले ते असे. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि परिषदेची मंडळी चवदार तळ्यावर पाणी प्यायली. त्यात बेकायदा काहीच नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता, आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमाव मंडपातल्या, रस्त्यावरच्या लोकांवर तुटून पडला. जेवत्या पानावरून उठवून मारले म्हणतात. आंबेडकरांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. फिर्याद झाली, खटला चालला, आणि जूनमध्ये पाच जणांना चार महिने सक्तमजुरी झाली.

इथवर ठीक. खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्ण मंडळीच दिवाणी कोर्टात गेली. १२ डिसेंबरला दावा: तळे आमचे खाजगी, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादी काळापासूनची. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम निघालासुद्धा! दोन दिवसांत दुसऱ्या बाजूचे काय ऐकून घेतले असेल, ते तुम्हीच ठरवा. हजारो माणसे महाडला जमलेली. तरी आंबेडकरांनी हुकूम मोडू नका म्हणून त्यांची समजूत घातली. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले, पाण्याला हात न लावता परतले. मार खाल्लेल्या माणसांना हे सांगणे किती अवघड गेले असेल! मला तर पाणी पिण्यापेक्षा हे न पिणे मोठे वाटते.

पुढे १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात दाव्याचा निकाल विरुद्ध गेल्यावर वादी ठाण्याला अपिलात गेले. १९३३ मध्ये तिथेही हरले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अपील फेटाळले. (१९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड ते हेच.) तळे खाजगी नाही, आणि वहिवाट अनादी असल्याचे वादींनी शाबीत केलेले नाही. 'पूर्वापार चालत आले आहे' हे वाक्य आमच्याकडे कधी कुणाला शाबीत करावे लागले नव्हते. इथे ते म्हणणाऱ्यालाच पुरावा मागितला गेला. पण त्याला दहा वर्षे लागली, हेही खरेच.

आता घरचे. माझे आजोळ महाड तालुक्यातले. आजीचे थोरले भाऊ वादींत नव्हते, पण खर्चासाठी वर्गणी मात्र दिलेली. म्हातारपणी ओसरीवर बसून सांगायचे, "आम्ही काठी नाही हो उचलली. आम्ही कायद्याने गेलो." त्यात एक प्रकारचा अभिमान असे. मी तेव्हा कॉलेजात होतो. मान डोलावली होती. बी. ए. ला इतिहास घेऊनसुद्धा त्यांना एक प्रश्न विचारला नाही... म्हणूनच कदाचित वर्गातही मी वीस मार्चलाच थांबत असेन. आजोळच्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर रागावू नये, किंवा रागवावे आणि मला फोन करावा.

नातीला तारखा सगळ्या सांगितल्या, तिने वहीत लिहून घेतल्या. वर्गणीचे अजून सांगायचे आहे. पुढच्या सुट्टीत तिला घेऊन एसटीने महाडला जायचे ठरले आहे. पनवेल, पेण, माणगाव, रस्ता लांबचा आहे. खिडकीची जागा तिची, हे मात्र तिने आत्ताच कबूल करून घेतले.