संत व्हिन्सेंट फेरर आणि लांबलेला न्यायाचा दिवस

संतांच्या प्रतिमा ओळखण्याची आपली एक जुनी रीत आहे. हातात चाव्या दिसल्या की संत पेत्र, कडेवर बाळ येशू आणि हातात लिलीचे फूल दिसले की पादुआचे संत अंतोन, बाणांनी विद्ध झालेला देह दिसला की संत सेबॅस्टियन. युरोपातील देवळांत मात्र एक अशी प्रतिमा आढळते की, जिच्यापुढे पाहणारा क्षणभर गोंधळून जातो. अंगावर डॉमिनिकन संन्याशाचा पांढरा झगा व त्यावर काळे प्रावरण, एक हात आकाशाकडे उचललेला आणि पाठीवर चक्क देवदूताचे पंख! क्वचित हाती कर्णाही असतो. जवळच्या पट्टीवर प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातील सातवे वचन कोरलेले असते. न्यायनिवाड्याची घटका येऊन ठेपली आहे, देवाचे भय बाळगा, असा त्याचा आशय.

हे संत व्हिन्सेंट फेरर. सहाशे वर्षांपूर्वी त्यांनी अर्ध्या युरोपला बजावले की जगाचा शेवट अगदी जवळ आला आहे. शेवट आला नाही. तरीही त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या छत्तीस वर्षांनी धर्मसभेने त्यांना संतपद बहाल केले. ज्याची इशारत खरी ठरली नाही, तो संत कसा?

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नव्हे. १९९९ साल सरत असताना आमच्या गावात घरोघर एक झेरॉक्स केलेला कागद फिरत होता. जगावर तीन दिवस गडद अंधार पसरेल, देवाचा कोप बरसेल आणि केवळ आशीर्वादित मेणबत्त्याच पेटतील, असे त्यात लिहिले होते. आजीने मेणबत्त्यांचे दोन पुडे आणून धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घेतले आणि घरच्या वेदीच्या खणात जपून ठेवले. शेजारची सहा-सात वर्षांची मुलगी मात्र कित्येक रात्री झोपेना. देव आपल्याला का मारणार आहे, असे ती आईला विचारी, आणि आईपाशी उत्तर नव्हते. २००० साल उजाडले. त्या मेणबत्त्या पुढे वीज गेली की कामी येत. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला संत व्हिन्सेंट यांचे चरित्र पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले.

व्हिन्सेंट यांचा जन्म १३५० साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया नगरीत झाला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १३४८ मध्ये, काळ्या महामारीने ती नगरी उजाड केली होती. प्लेगच्या सावलीत वाढलेल्या पिढीला मरण हा शेजारी होता, आणि देवाचा कोप हा शब्द तिच्या कानी पाळण्यातच पडला होता. १३६७ साली ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांत त्यांनी नाव मिळवले.

परंतु प्लेगपेक्षाही मोठी जखम पुढे व्हायची होती. १३७८ साली धर्मसभाच दुभंगली. त्याच वर्षी, तेही त्याच कार्डिनलांनी, एकामागून एक असे दोन पोप निवडले. एक रोममध्ये, दुसरे फ्रान्समधील आविन्यों येथे. राजे वाटले गेले, मठ वाटले गेले, इतकेच काय, संतही वाटले गेले. सिएनाच्या संत कॅथरिन रोमच्या बाजूने झुंजल्या, तर त्याच डॉमिनिकन परिवारातील व्हिन्सेंट यांनी १३८० साली आविन्योंच्या पक्षाच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. दोघेही प्रामाणिक होते. इतिहासाने कौल दिला तो कॅथरिन यांच्या बाजूने. पेत्राचे आसन दोन ठिकाणी मांडलेले पाहून सामान्य भाविकांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. ख्रिस्ताचे अंगवस्त्र फाटले, आता उरले काय? शेवटाची भाषा अशा काळात आपोआप ओठांवर येते.

१३९४ मध्ये पेद्रो दे लुना हे तेरावे बेनेडिक्ट या नावाने आविन्योंच्या गादीवर आले. (याच नावाचे आणि याच क्रमांकाचे अधिकृत पोप अठराव्या शतकात झाले, त्यांच्याशी यांची गल्लत होऊ नये.) त्यांनी आपल्या या जुन्या स्नेह्याला कन्फेसर म्हणून जवळ बोलावून घेतले. १३९८ साली पोपवाड्याला वेढा पडलेला असताना व्हिन्सेंट मरणाच्या दारी पोहोचले. त्या आजारात त्यांना दर्शन झाले. संत डॉमिनिक आणि संत फ्रान्सिस ख्रिस्ताच्या चरणी गुडघे टेकून जगासाठी याचना करीत होते. ख्रिस्ताने रुग्णाच्या गालाला स्पर्श केला आणि गावोगाव उपदेश करीत जाण्याची आज्ञा दिली. व्हिन्सेंट बरे झाले. १३९९ च्या नोव्हेंबरात त्यांनी आविन्यों सोडले आणि पुढची वीस वर्षे त्यांच्या पायाला विश्रांती म्हणून मिळाली नाही. प्रोव्हान्स, साव्हॉय, लोम्बार्दी, स्वित्झर्लंड, आरागॉन, कास्तिल आणि अखेरीस ब्रिटनी अशी त्यांची वाटचाल झाली.

त्यांचे आगमन म्हणजे गावाचा उत्सवच असे. देवळात माणसे मावत नसत, म्हणून चौकात लाकडी मंच उभारला जाई. पहाटे गायनासह मिस्सा होई, मग कित्येक तास प्रवचन. श्रोत्यांनी जागच्या जागी टिपून घेतलेली ही प्रवचने मोठ्या संख्येने आजही उपलब्ध आहेत. ती वाचताना आश्चर्य वाटते ते त्यांतील घरगुतीपणाचे. न्यायाच्या कर्ण्याइतकेच त्यांत बाजारातले माप, सासू-सुनेचे भांडण आणि मुलांना क्रुसाची खूण शिकवण्याची हयगय यांविषयी बोललेले आहे. त्यांच्यासोबत पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू फिरत. पिढीजात वैरी चौकात एकमेकांना क्षमा करीत. रात्री प्रायश्चित्त करणाऱ्यांची मिरवणूक निघे आणि माणसे स्वतःच्या उघड्या पाठीवर आसूड ओढीत चालत. हा प्रकार मला रुचत नाही, आणि त्या काळीही सर्वांना रुचला नव्हता. पॅरिस विद्यापीठाचे कुलगुरू जाँ जेर्सों यांनी १४१७ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेतून व्हिन्सेंट यांना आदरपूर्वक पण स्पष्ट शब्दांत पत्र लिहून या आसूडवाल्यांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला होता.

शेवटाविषयी त्यांची नेमकी धारणा काय होती, हे ऐकीव कथांवरून ठरवण्याची गरज नाही. २७ जुलै १४१२ रोजी आरागॉनमधील अल्कान्यिस येथून त्यांनी बेनेडिक्ट यांना पाठवलेले सविस्तर पत्र उपलब्ध आहे. दानिएलाच्या ग्रंथातील १२९० आणि १३३५ या दोन आकड्यांची वजाबाकी करून ते सांगतात की, ख्रिस्तविरोध्याच्या वधानंतर जगाला केवळ पंचेचाळीस दिवस मिळतील. म्हणजे पश्चात्ताप करायचा तो आधीच केला पाहिजे. तो ख्रिस्तविरोधी जन्मून नऊ वर्षे झाली, असेही त्यांच्या कानी आले होते. त्यासाठी ते पुरावे देतात, त्यांत इटलीतील काही तपस्व्यांना झालेले दर्शन आहे आणि भूतग्रस्तांच्या तोंडून सैतानांनी दिलेली कबुलीही आहे! सैतान हा लबाडीचा बाप, असे प्रभूनेच सांगून ठेवले असताना एवढ्या तर्कपंडिताने त्याची साक्ष नोंदवावी, हे वाचून आपण थबकतो.

मात्र हेच पत्र नीट वाचले तर दोन गोष्टी दिसतात, ज्या पंख रंगवणाऱ्या चित्रकारांना दिसल्या नाहीत. पहिली, त्यांची सावधता. काळ थोडा उरला आहे हे ते ठामपणे सांगतात. परंतु त्या बालकाच्या जन्माबद्दल आपल्यापाशी केवळ संभाव्य मत आहे, व्यासपीठावरून निश्चित म्हणून सांगता येईल असे ज्ञान नाही, अशी कबुली ते देतात आणि सारे लिखाण पोपच्या दुरुस्तीवर सोपवतात. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. आविन्योंच्या रुग्णशय्येवरील ते दर्शन ते येथे तृतीय पुरुषात, दुसऱ्या कुणाचे असावे तसे, सांगतात आणि त्याचा अर्थही देतात. या उपदेशाने माणसे सुधारतील, म्हणून ख्रिस्त करुणेने वाट पाहत आहे. कोप आहे, पण तो थांबवून धरलेला आहे, आणि उपदेशकाची सारी पायपीट या थांबलेल्या अवकाशात चालली आहे.

ही कल्पना व्हिन्सेंट यांची स्वतःची नव्हे. त्यांचे गुरुस्थान असलेले संत थॉमस अक्वायनस यांनी भाकिताचे प्रकार सांगताना धमकीचे भाकीत असा एक वेगळा प्रकार मानला आहे. त्यात कारण आणि परिणाम यांची सांगड सांगितलेली असते. कारण दूर झाले की परिणामही टळतो, आणि म्हणून भाकीत खोटे ठरत नाही. त्यांच्यापुढे उदाहरण आहे योनाचे. चाळीस दिवसांत निनवे उलथेल असे योनाने पुकारले. निनवेकरांनी गोणपाट नेसले, राजा राखेत बसला आणि नगर वाचले. रागावला तो एकटा योना! आपले शब्द फुकट गेले याचे त्याला दुःख. त्यावर देव त्याला विचारतो की, उजवा-डावा हात न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची मला कीव येऊ नये काय? आणि जाता जाता गुराढोरांचाही उल्लेख करतो.

येथवरचा व्हिन्सेंट यांचा वृत्तांत वाचताना मन भरून येते. पुढील भाग मात्र तसा नाही, आणि संतचरित्रे लिहिणारे बहुधा तो टाळतात. १३९१ साली सेव्हिलपासून सुरू झालेल्या दंगलींत स्पेनमधील हजारो यहुदी मारले गेले, हजारोंनी जिवाच्या भयाने बाप्तिस्मा घेतला. व्हॅलेन्सियातही रक्त सांडले. त्या हिंसेला व्हिन्सेंट यांची फूस नव्हती. तलवारीने धर्मांतर करू नये, असेच त्यांचे सांगणे होते. पण शेवटापूर्वी यहुद्यांचे परिवर्तन व्हायचे आहे आणि वेळ तर उरलेला नाही, या घाईने त्यांना वेगळ्याच वाटेवर नेले. यहुद्यांना त्यांची प्रवचने सक्तीने ऐकावी लागत. ख्रिस्ती माणसांनी त्यांच्याशी व्यवहार ठेवू नये, त्यांची वस्ती वेगळी असावी, असा आग्रह त्यांनी राज्यकर्त्यांपाशी धरला. जानेवारी १४१२ मध्ये वायादोलिद येथे राणी कॅथरिन यांच्या कारभारात निघालेल्या कायद्यांवर त्यांच्या प्रभावाची छाप आहे, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. त्या कायद्यांनी यहुद्यांना कुंपणातील वस्तीत कोंडले. ख्रिस्ती रुग्णांवर उपचार करणे, औषधे विकणे आणि असे अनेक धंदे त्यांना बंद केले. वेश कसा असावा, दाढी कशी असावी, हेही ठरवून दिले. दिवस थोडे उरले आहेत असे एकदा मनाने घेतले की दुसऱ्यावरील जबरदस्ती ही त्याच्यावरील दयाच वाटू लागते. देव वाट पाहतो आहे असे लिहिणाऱ्या या पुण्यपुरुषाला यहुद्यांच्या बाबतीत मात्र वाट पाहणे जमले नाही. पुढे १४९२ साली त्या समाजाला स्पेनमधून हद्दपारच करण्यात आले.

याच माणसाच्या हातून एक थोर कृत्य घडले, तेही सांगितले पाहिजे. फुटीवर तोडगा काढण्यासाठी १४१५ साली पर्पिन्यों येथे सम्राट सिगिस्मुंड यांनी बेनेडिक्ट यांची भेट घेतली. बेनेडिक्ट गादी सोडीनात. ज्यांच्यासाठी व्हिन्सेंट यांनी पस्तीस वर्षांपूर्वी लेखणी हाती घेतलेल्या पक्षाचे ते प्रमुख होते, वर जुने मित्र. ६ जानेवारी १४१६ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, आरागॉनचे राज्य बेनेडिक्ट यांची आज्ञा यापुढे मानणार नाही, ही घोषणा व्हिन्सेंट यांनीच वाचून दाखवली. जन्मभर इतरांना पश्चात्तापाची हाक देणाऱ्या साठीपलीकडच्या संन्याशाने त्या दिवशी आपली चूक जाहीरपणे मान्य केली, असे मी या घटनेकडे पाहतो. ११ नोव्हेंबर १४१७ रोजी कॉन्स्टन्स येथे पाचवे मार्टिन निवडले गेले आणि जवळजवळ चाळीस वर्षांची फूट मिटली. ज्या दुभंगात व्हिन्सेंट यांना शेवटाची चिन्हे दिसली होती, तो दुभंग सांधण्यास ते स्वतःच कारण ठरले.

५ एप्रिल १४१९ रोजी ब्रिटनीतील व्हान येथे त्यांनी देह ठेवला. नऊ वर्षांचे म्हटले गेलेले ते बालक तोवर सोळा वर्षांचे झाले असते. तिसरे कॅलिक्स्टस, जे स्वतः व्हॅलेन्सियाच्याच प्रदेशातले, यांनी १४५५ साली व्हिन्सेंट यांना संतपद दिले, आणि १४५८ मध्ये दुसरे पायस यांनी काढलेल्या पत्रकात प्रकटीकरणातील आकाशमार्गे उडणाऱ्या देवदूताची उपमा त्यांना दिली. पंख आले ते या उपमेतून. हा देवदूत प्रथम येतो तो सहाव्या वचनात, आणि तेथे त्याच्यापाशी सर्व राष्ट्रांसाठी सार्वकालिक सुवार्ता असते. न्यायाची हाक त्यानंतरची. पट्टीवर मात्र सातवे वचन कोरण्याचा प्रघात पडला.

अशा उपदेशकांची पुढे रीघ लागली. सारेच व्हिन्सेंट यांच्याइतके सावध नव्हते. अखेर १९ डिसेंबर १५१६ रोजी पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्तविरोध्याच्या आगमनाची किंवा न्यायाच्या दिवसाची वेळ निश्चित करून सांगण्यास उपदेशकांना मनाई केली. तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्कच्या शुभवर्तमानात असताना हा नियम करण्याची वेळ यावी, हेच नवल.

आमच्या आजीने ज्या वर्षासाठी मेणबत्त्या जमवल्या होत्या, त्या २००० साली उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, १२ मार्च रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात धर्मसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या प्रार्थनांत यहुदी लोकांविरुद्ध केलेल्या अपराधांची स्वतंत्र प्रार्थना होती. दोन आठवड्यांनी, २६ मार्चला, ते जेरुसलेम येथे पश्चिम भिंतीपाशी गेले. वार्धक्याने हात थरथरत होते. तीच क्षमायाचना लिहिलेला एक कागद त्यांनी भिंतीच्या दगडांमधील फटीत ठेवला, भिंतीवर हात टेकला आणि काही वेळ ते तसेच उभे राहिले.